यंदाचा रकाना डावीकडे

सालवडच्या नाक्यावर करवंदांच्या टोपल्या दिसायला लागल्या की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मी मान वळवून पुढे जाते. करवंदांचा यात काही दोष नाही. मासवणच्या बाजूने सकाळच्या पहिल्या गाडीने बाया येतात, पानांचे द्रोण लावून बसतात, मापावर चार करवंदं जास्तीची घालतात आणि दहाच्या आत टोपली रिकामी करून परत जातात. पण आमच्या कारखान्यातली वर्षाची वैद्यकीय तपासणी नेमकी याच पंधरवड्यात येते. करवंदं, ताडगोळे, घामाने पाठीला चिकटलेला कुडता आणि श्वास मोजायला जोरात फुंकायची ती पांढरी नळी, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच शीर्षकाखाली जाऊन बसलं आहे. कितीही प्रयत्न केला तरी त्यातलं एक काही वेगळं निघत नाही.

मी तक्ते करते. वहिनी शेजारणींना सांगते, "आमची सुमी कंपनीत रकाने आखती," आणि इंजिनिअरिंगची चार वर्षं धरूनही माझ्या कामाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही. ब्राउझरमध्ये उघडणारे तक्ते. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या पाळीत किती पिंपं भरली, कुणाचे बूट बदलायला झाले. रकाने फार झाले की डोळा गोंधळतो, म्हणून त्यांचे गट करायचे. वर एक रुंद शीर्षक, त्याच्या पोटात चार लहान. आमच्या तपासणीच्या तक्त्यात श्वास, कान, डोळे, रक्तदाब असे चार रकाने आहेत आणि ते दोनदा आहेत: एकदा 'गेल्या वर्षी' या शीर्षकाखाली, एकदा 'यंदा' या शीर्षकाखाली. लहान रकान्याला स्वतःची अशी अक्कल नसते. 'श्वास'खाली आकडा दिसला तरी तो कधीचा श्वास, हे फक्त वरच्या ओळीला माहीत असतं.

तक्ता खाली सरकवला की शीर्षकं वर चिकटून राहायला हवीत, नाहीतर विसाव्या नावापर्यंत पोचलेल्या माणसाला आपण कशात काय भरतोय ते कळत नाही. एक ओळ चिकटवणं म्हणजे पोरखेळ. दोन ओळी एकीखाली एक चिकटवायच्या म्हटलं की घोडं अडतं, कारण खालचीला वरचीची उंची अचूक ठाऊक असावी लागते आणि वरची तर स्क्रीन बदलला की उंची बदलते. मागच्या मे महिन्यात माझं घोडं तिथेच अडलं होतं.

मी बसते ती जागा म्हणजे टाइम ऑफिस, गेटला लागून असलेली लांबट खोली. खिडकी आहे, पण चौकटीला स्क्रू मारून ती कायमची बंद केली आहे, कारण वारा पडला की बाहेरचा वास आत येऊन मुक्काम करतो. कधी तो उतरलेल्या फणसासारखा गोड असतो, कधी नुसता घशाला लागतो. दुपारी कुणी दार उघडलं आणि तारापूरकडून समुद्राचा वारा सुटलेला असला, तर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो आणि मला हायसं वाटतं. जतसारख्या दुष्काळी मुलखातून आलेल्या, उभ्या जन्मात मासा न शिजवलेल्या मुलीने हे लिहावं म्हणजे कमाल आहे. बंद काचेतून गेट दिसतं. आत जाताना माणूस कार्ड टेकवतो आणि माझ्या स्क्रीनवर आत असलेल्यांचा आकडा एकाने वाढतो. मग पाळी सुटेपर्यंत तो आकडा हलत नाही. मे महिन्यात मी त्या न हलणाऱ्या आकड्याकडे फार वेळ बघत बसते.

त्या आकड्यात माझा भाऊ असतो. हणमंतदादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. बारावी झाल्या झाल्या तो बोईसरला आला आणि गेली सोळा वर्षं रंगाच्या भुकटीच्या सेक्शनला आहे. कंत्राटावर आला, अजून कंत्राटावरच आहे. मी शाळेत असताना तो दिवाळीला गावी आला की त्याची नखं बघून मी सांगायचे, यंदा पिवळा, यंदा निळा. तो म्हणायचा, "हुशार हाय की माझी सुमी." मला तो खेळ वाटायचा. पुढे मला इथेच नोकरी लागली, मी त्याच्याकडे राहायला आले आणि नखांवरचा रंग आंघोळीच्या पाण्यातही उतरतो हे पाहिलं. मोरीत निळं पाणी जाताना दिसलं की वहिनी वर आणखी एक तांब्या ओतते. 

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. संध्याकाळी दादाची पावलं जिन्यात वाजायची आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायची. मला वाटायचं, मोबाईल बघत असेल. मी आतून ओरडायचे, "दादा, ये की वर, चहा गार होतोय." मग थोड्या वेळाने पावलं पुन्हा सुरू व्हायची.

भुकटीतून सुटायचा एकच रस्ता होता, गोदाम. तिथे उंच छप्पर, दोन्ही बाजूंना ट्रक आत येतील एवढी दारं, आणि सगळा माल बंद पिंपांत. वर्षातून एकदा, तपासणीचे कागद आल्यावर, छाती उतरलेल्या एका माणसाला गोदामात हलवत. एकालाच. गोदामासाठी थांबलेल्यांच्या यादीत पहिला नंबर दादाचा होता आणि दुसरा अर्जुनचा, जो त्याच्याच शेजारी उभा राहून पिशव्या शिवतो. पण छाती फारच उतरली असेल तर कागदावर 'अनफिट' येतं, आणि कंत्राटी माणसाला त्याचा अर्थ एवढाच की उद्यापासून कार्ड टेकवायचं नाही. थोडक्यात, आकडा वाईट हवा, पण बेताचा वाईट. नळी फुंकताना माणसं कशी फुंकत असतील, याचा मी तेव्हा कधी विचार केला नव्हता.

तपासणीची वही राऊतकाकांकडे असायची. केळव्याचे राहणारे, घरची पानवेलींची वाडी, टाइम ऑफिसात सगळी नोकरी काढलेली. रोज कापडी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणायचे आणि मागेल त्याला द्यायचे. वही विकत आणली तरी तिच्या छापील रेघांवर त्यांचा विश्वास नव्हता. लाकडी पट्टी आणि लाल-निळी बॉलपेनं घेऊन ते सगळी पानं स्वतः आखत. रकान्यांच्या डोक्यावरच्या रुंद पट्टीला ते माथा म्हणत आणि प्रत्येक पानावर तो नव्याने लिहीत. वहीचं कॉम्प्युटरवर टेबल, म्हणजे तक्ता, करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काका, एकदा लिहिलं की पुरे ना? पुढच्या पानावर तेच तर असतं."

"पान उलटला का माथा गेला, बाय," ते पट्टी न हलवता म्हणाले. "मंग खालच्या आकड्याला इचारायचा का, तू कोनाचा?"

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. त्यांच्या वहीत नावाला लागून, डावीकडे, 'यंदा' होतं आणि 'गेल्या वर्षी' त्याच्या पलीकडे.

"हे उलटंच आहे. आधी गेल्या वर्षीचं यायला हवं, मग यंदाचं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो ना?"

"दारात मानूस उबा ऱ्हातो तो आजचा हाय. त्याला आदी बगायचा. गेल्या वरसाचा मागाहून इचारू."

मी हसले. वयस्कर माणसांच्या सवयींना जसं लाडाने हसतात तसं. त्यांना राग आला नाही. त्यांनी मला एक पान दिलं. मी माझ्या टेबलात 'गेल्या वर्षी' डावीकडे टाकलं आणि 'यंदा' उजवीकडे, आणि एक जुनी चूक दुरुस्त केल्याचं समाधान मानून त्या दिवशी वेळेवर घरी गेले.

साहेबांना दोन ओळींचं हेडर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ऊपर इतना मोटा हेडर क्यों? डेटा दिखना चाहिए, डेटा." दोन दिवस मी त्या वरच्या ओळीशी झटत होते आणि ती काही केल्या नीट चिकटत नव्हती, कधी खालच्या ओळीवर चढायची, कधी मधे फट पडून तिथून आकडे डोकवायचे. साहेबांचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. वरची ओळ मी मोकळी सोडली, खालची तेवढी चिकटवली. हे मी साहेबांच्या गळ्यात घालू शकते, आणि मनातल्या मनात बरेच दिवस घातलंही. पण त्यांनी फक्त बोट दाखवलं होतं. पळवाट मीच शोधत होते.

डॉक्टर दोन दिवसांसाठी बाहेरून येतात. त्यांच्या हाताखाली इथलीच दर्शना असते, मासवणची, हसरी, घाई नसलेली मुलगी. नळी धरायची, "फुका, फुका, अजून फुका" म्हणायचं आणि आकडा काकांच्या वहीत मांडायचा, हे तिचं काम. टेबलाचं ते पहिलंच वर्ष, म्हणून वहीतली दोन्ही वर्षं तिला एका बैठकीत उतरवून घ्यायची होती. तपासणी संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या शेजारी बसून पुटपुटत भरत होती, "आदी गेल्या वरसाचा... आता यंदाचा..." वहीत एक क्रम, स्क्रीनवर दुसरा, म्हणून ती दर ओळीला बोटाने वहीच्या उजवीकडे उडी मारायची आणि परत यायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सतरा नावं झाली. माझ्या स्क्रीनवर तक्ता न सरकवता सतराच ओळी मावतात.

जेवणानंतर तिने तक्ता खाली सरकवला आणि अठराव्या नावापासून सुरुवात केली. वरची ओळ स्क्रीनच्या बाहेर गेली होती. दिसत होतं ते असं: श्वास, कान, डोळे, रक्तदाब, आणि पुढे पुन्हा श्वास, कान, डोळे, रक्तदाब. दोन्हीकडे तेच. तिच्यापुढे वही उघडी होती आणि तिचा हात वहीच्या वळणाने चालायला लागला. वहीत डावीकडे यंदा, म्हणून टेबलात डावीकडे यंदा. संध्याकाळी ती बोटं मोडत म्हणाली, "ताई, जेवल्यावर हात कसा भरभर चालला." मी तिला शाबासकी दिली.

कागद छापून आले, डॉक्टरांच्या सह्या झाल्या, वाटले गेले. दादाच्या कागदावर हिरव्या अक्षरांत 'सुधारणा' होतं. तो हिरवा रंग मी निवडला होता, डोळ्याला गार वाटावा म्हणून. वहिनीने कागद दोनदा वाचला आणि देव्हाऱ्यात फोटोमागे ठेवला.

"मी म्हणत न्हवते?" ती म्हणाली. "ताडगोळ्यांनी छाती गार ऱ्हाती. महिनाभर रोज दोन दोन खायला घातलं." त्या दिवशी तिने आमरस केला, दादाला तिसरी वाटी घ्यायला लावली आणि सगळं श्रेय ताडगोळ्यांना देऊन टाकलं.

दादा वाटी पुसत सहज बोलल्यासारखा म्हणाला, "मी अर्जुनला सांगून टाकलं. म्हणलं, यंदा गोदामात तू जा. माझं काय, चांगलंच हाय." वहिनीने मान डोलावली. मलाही दादाचा अभिमान वाटला. तेव्हा मी तसं म्हणालेसुद्धा.

चार दिवसांनी मी भलतंच काहीतरी दुरुस्त करत होते. नावं अक्षरांच्या क्रमाने लावलेला तक्ता वरून खाली पळवला आणि हात थांबला. वरची सतरा नावं लाल, मधे एखादं काळं, पुन्हा लाल. तिथून खाली सगळं हिरवंगार. अ पासून भ पर्यंतची माणसं वर्षभरात थकली होती आणि म पासून ह पर्यंतची झाडून सगळी तरुण झाली होती. भुकटी काही नाव विचारून छातीत जात नाही. मी उठून काकांच्या कपाटातून वही काढली. शेवटचं पान, शेवटचं नाव, हणमंत. डावीकडचा श्वासाचा आकडा लहान होता, उजवीकडचा मोठा. वर लाल पेनाने, त्या पानावरही, माथा लिहिलेला होता. लहान आकडा यंदाचा होता.

अर्जुनचं नाव अक्षरांच्या क्रमात सगळ्यात वर होतं. त्याचे आकडे जेवणाआधी भरलेले होते. ते खरे होते, आणि वाईट होते.

मी अकरा दिवस कुणाला काही बोलले नाही. हे वाक्य लिहायला मला एक वर्ष लागलं. घाबरले होते, हे आहेच. पण घाबरण्यापेक्षाही, कुठून सुरुवात केली म्हणजे कुणीतरी मागे अडकणार नाही, ते मला सापडत नव्हतं. सांगितलं तर दर्शनाला काढतील. सांगितलं तर अर्जुनला गोदामातून ओढून परत पिशव्यांपाशी उभं करतील. सांगितलं आणि डॉक्टरांनी दादाचा खरा आकडा बघून 'अनफिट' लिहिलं तर? न सांगितलं तर तो रोज आत जातच होता. सकाळी काचेतून त्याला कार्ड टेकवताना बघायचे, आकडा एकाने वाढायचा, आणि मी पाळी सुटेपर्यंत तिथे, त्या स्क्रू मारलेल्या खिडकीशी. घरी आलं की वहिनी ताडगोळे सोलून पुढे करायची. "तूबी खा गं, तुझीबी छाती गार ऱ्हाईल." मी ते वाटीतच ठेवून उठायचे. फोटोमागून कागदाचा हिरवा कोपरा दिसायचा. वीज गेली, पंखा बंद पडला की तिघंही आम्ही हातातल्या वर्तमानपत्रांनी वारा घेत बसायचो, आणि दादाचा वारा घेणारा हात सगळ्यात आधी थांबायचा. हे मला आधी का दिसलं नव्हतं?

बाराव्या दिवशी रविवार होता. दादा आणि मी नाक्यावरून भाजी घेऊन आलो. तो पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला, एक हात कठड्यावर. त्याचा मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला होता. तो नुसता उभा होता.

"दादा, तो कागद उलटा आहे," मी म्हणाले.

"कसला कागद?"

मी तुटक तुटक सांगत गेले. वरची ओळ, खालची ओळ, डावं, उजवं, जेवणाआधी, जेवणानंतर. तो गावाकडच्या कुणाच्या बांधाचं भांडण ऐकावं तसा शांतपणे ऐकत होता. मग पायरीवर बसला, भाजीची पिशवी मांडीवर घेतली.

"म्हंजे गेल्या साली चांगली व्हती, आन आता उतरलीया."

"हो, दादा."

तो हसला. मला वाटलं, दम लागल्यामुळे तसा आवाज आला असेल. पण तो खरंच हसत होता, सुटका झालेल्या माणसासारखा.

"मला सारखं वाटायचं, जिना चढताना जीव घाबरा हुतोय. पण कागद म्हणतूय, चांगलं हाय. आन तक्ता सुमीनं केलाय, त्यो चुकायचा न्हाई. म्हणलं, आपलीच छाती कायतरी खोटं सांगतीया."

त्याने मला चार थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. सोळा वर्षं त्या भुकटीत काढलेल्या माणसाने स्वतःच्या छातीपेक्षा माझ्या हिरव्या अक्षरांवर जास्त विश्वास ठेवला होता. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसून रडले. वरच्या मजल्यावरची काकू बादली घेऊन खाली आली, आम्हाला बघून पुन्हा वर गेली.

"ऐक," दादा म्हणाला, "अर्जुनला गोदामातनं काढाय लावू नगंस. त्याचंबी खरंच हाय. आन त्या दर्शनाचं नाव घेऊ नगंस."

"मग कुणाचं घेऊ?"

"तुझं घे की. तक्ता तुझा न्हवं?"

हे तो रागाने म्हणाला नाही. भाजीत कोथिंबीर राहिली का, हे ज्या आवाजात विचारलं असतं त्याच आवाजात म्हणाला, आणि कठड्याला धरून उठला.

सोमवारी मी साहेबांना माझ्या नावाने सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता खालपर्यंत सरकवून पाहिला. "रिपोर्ट तो चला गया," म्हणाले, आणि मग, "ठीक करो. सब का दुबारा निकालो." मला काढलं नाही. म पासून ह पर्यंतच्या माणसांना पाळी सुटताना गेटवर नवे कागद दिले. काचेतून मी बघत होते. माणसं कागद उघडत होती, क्षणभर थांबत होती, घडी करून खिशात घालत होती आणि कार्ड टेकवून बाहेर पडत होती. कुणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. डॉक्टरांनी दादाला अनफिट म्हटलं नाही, पण काठावर आहे म्हणाले. गोदामाची जागा भरली होती. पुढच्या मेपर्यंत भुकटीतच, तोंडाला नवा, जाड मास्क लावून. वहिनीने फोटोमागचा जुना कागद काढला आणि नवा तिथे ठेवला नाही. त्यानंतर घरात ताडगोळे आले नाहीत.

थंडीत मी केळव्याला राऊतकाकांकडे गेले. ते निवृत्त झाले होते. वाडीत सावलीला बसून पानं लावत होते, मोठी वेगळी, कोवळी वेगळी. मी सगळं सांगितलं. 'मी म्हणालो नव्हतो का' असं ते म्हणतील, याची मी मनाची तयारी करून गेले होते. ते म्हणाले नाहीत.

"माज्या हातूनपन झालाय, बाय," पानं लावत लावतच ते म्हणाले. "आमीपन एकदा माथा नाय लिवला. तवापासून दर पानाला लिवतो."

"कुणाचं नाव होतं काका?"

"नाव घेऊन काय करशील? मानूस गेला त्याच्या गावाला." त्यांनी एक कोवळं पान पुसून माझ्या हातात दिलं. परतीच्या रिक्षात ते मी चघळत बसले आणि इतक्या वर्षांच्या त्या लाल रेघा मला पहिल्यांदा नीट दिसल्या.

मार्चमध्ये मी तक्ता नव्याने केला. आता दोन्ही ओळी चिकटतात; कितीही खाली जा, 'यंदा' डोक्यावरून हलत नाही. करायला चार दिवस लागले. गेल्या वर्षी मी दोन दिवसांत हात टेकले होते. 'यंदा' डावीकडे, नावाला लागून. आणि त्या शीर्षकाच्या पोटात, श्वासाच्याही आधी, मी एक नवा रकाना घातला आहे: 'स्वतःचं म्हणणं'.

"ये किसलिए? ये तो रिपोर्ट में नहीं जाता," साहेब म्हणाले.

"नहीं जाता, सर. पर डॉक्टर पढ़ेंगे." त्यांनी खांदे उडवले. रकाना राहिला.

काल तपासणी सुरू झाली. दर्शना नळी धरते, मी शेजारी बसून थेट टेबलात भरते. प्रत्येकाला ती आधी विचारते, "कसा वाटतो?" आणि प्रत्येक जण म्हणतो, ठीक. काल सगळ्यांनी ठीक सांगितलं. आज सकाळपासून ठीक. ज्याचा आवाज वाक्य संपेपर्यंत पुरत नाही तोही ठीक. खरं सांगितलं तर गोदामाचं दार उघडेल की गेटचं बंद होईल, हे नळी फुंकायच्या आधी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून ठीक. मी इतक्यांदा तो शब्द टाइप केला की बोटं आपोआप चालायला लागली. रकाना उघडा ठेवला म्हणजे माणूस बोलेल असं मला वाटलं होतं. मला अजूनही बरंच काही असंच वाटत असतं.

दादाचं नाव ह चं, म्हणून शेवटी. दुपारचे तीन वाजले असतील. कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं, बोंबलांचा वास येत होता. रांगेतली माणसं फुंकून झाली तरी भिंतीशी उभी होती, घाम पुसत. दादा स्टुलावर बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, स्क्रीनकडेही पाहिलं नाही. गोदामाच्या यादीत यंदाही त्याचं नाव पहिलं आहे, आणि काठ कुठे आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"दादा, कसा वाटतो?" दर्शनाने विचारलं.

माझं बोट सवयीने 'ठ'वर जाऊन बसलं होतं.

"दम लागतूय," दादा म्हणाला. भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतंय. कधी दोनदा. लिव, सुमे."

मी लिहिलं. मग त्याने नळी तोंडाला लावली.